पोट बिघडलेलं नाही, साठवणीची जागा गेली आहे

प्रश्न: गुदाशयाच्या कॅन्सरसाठी मला रेडिएशन दिलं, मग ऑपरेशन झालं. मळ गोळा करणारी पोटावरची पिशवी काढून आतडं जोडलं त्याला चार महिने झाले. दिवसातून दहा-बारा वेळा संडासला जावं लागतं. उठून आले की पाच मिनिटांत परत. दोनदा कपडे खराब झाले. त्या धास्तीने दिवसभर उपाशी राहते आणि रात्री एकदाच जेवते. नवरा म्हणतो, कॅन्सर गेला ना, मग रडतेस कशाला? पुढच्या महिन्यात तीन तासांचा बसचा प्रवास आहे. जमेल का? – एक वाचक

उत्तर: कॅन्सर गेला म्हणून त्रास सांगायचाच नाही, असं कुठे आहे? आधी यजमानांना हा पुढचा परिच्छेद वाचायला द्या.

गुदाशय म्हणजे मळ थोपवून धरणारी पिशवी. ती काढली की वरचं अरुंद आतडं थेट खाली जोडलं जातं. त्यात साठा मावत नाही, म्हणून एकाच वेळचं शौच चार-पाच हप्त्यांत येतं. रेडिएशनने तिथला भाग ताठर होतो. आत गॅस आहे की मळ हे ओळखणारी जाणीवही बोथट होते, म्हणून साधा गॅस सोडायचीही भीती वाटते. शिवाय पोटावरची पिशवी होती तोवर खालच्या स्नायूंना कामच नव्हतं. डॉक्टर याला 'लार्स' म्हणतात. ऑपरेशननंतर हा त्रास खूप जणांना होतो. पहिल्या वर्षात बराच फरक पडतो, काहींना दोन वर्षं लागतात. अगदी पूर्वीसारखं होईलच असं वचन मात्र देता येत नाही.

उपास ताबडतोब थांबवा. रिकाम्या पोटाने गॅस वाढतो, आणि रात्री एकदम भरपेट जेवलात की जेवणानंतरची आतड्याची हालचाल झोपेच्या वेळीच जोरात सुरू होते. थोडंथोडं, ठरलेल्या वेळी खा आणि रात्रीचं जेवण हलकं नि लवकर घ्या. आठवडाभर वहीत तीन रकाने करा: काय खाल्लं, किती वाजता, किती वेळा गेलात. कॉफी, मद्य, तेलकट, तिखट आणि 'शुगर-फ्री' गोळ्यांमधलं सॉर्बिटॉल यांवर नेहमीच संशय घ्यावा. पण एका वेळी एकच पदार्थ बंद करा. सगळंच बंद केलं तर वजन घटतं आणि दोषी कोण ते कळत नाही.

ईसबगोलाला लोक बद्धकोष्ठाचं औषध समजतात. पण तो पाणी धरून ठेवतो, म्हणून पातळ मळ घट्ट होतो आणि तुकडे एकत्र येतात. दिवसातून एकदा एक चमचा, पाऊण पेला पाण्यात ढवळून लगेच प्या. कोरडा गिळू नका, घशात फुगतो. पहिले काही दिवस गॅस होईल. गरज वाटलीच तर आठवड्याने थोडा वाढवा. जोडाची जागा आखडली असेल तर त्याने अडकायची भीती असते, म्हणून सुरू करण्याआधी सर्जनला विचारा.

लोपेरामाइड ही जुलाब आवरणारी गोळी. तिच्या बाबतीत एक चूक जवळपास सगळेच करतात: जुलाब झाल्यावर गोळी घेतात. ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, म्हणजे आतड्याची गती आधीच मंदावते. २ मि.ग्रॅ.ची अर्धी किंवा एक गोळी, यापासून डॉक्टरांना विचारून सुरुवात करा. जास्त झाली की दोन दिवस काहीच होत नाही आणि तिसऱ्या दिवशी सगळं एकदम येतं. अशा वेळी गोळी पुरती सोडू नका, मात्रा कमी करून घ्या. ताप असेल किंवा रक्त पडत असेल तर ती घेऊच नका.

आता स्नायू. गॅस अडवताना जिथे आवळता तेच आवळायचे. पोट, मांड्या, नितंब सैल आणि श्वास चालू. दहा सेकंद धरा, दहा सेकंद सोडा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला तीन सेकंदही जमणार नाहीत, तेवढेच धरा. फरक दिसायला तीनेक महिने जातात. घाई आली की पळत सुटू नका, धावताना पोटावर दाब येतो. जागीच थांबा, पाच-सहा वेळा झटपट आवळा, लाट ओसरली की चालत जा. कमोडवर पायांखाली छोटं स्टूल घ्या आणि कुंथू नका.

गुदद्वाराभोवतीची कातडी पाण्याने धुवा, घासू नका, मऊ कापडाने टिपा. मग झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर लावा.

तीन महिन्यांत एवढ्यानं भागलं नाही, तर गुदद्वारातून कोमट पाण्याने आतडं धुण्याची पद्धत असते. ती नर्सकडून शिकल्याशिवाय घरी करू नका, आतड्याला इजा होऊ शकते. तपासणीला जाल तेव्हा 'लार्स स्कोअर' काढायला सांगा. पाचच प्रश्न असतात. ४२पैकी ३० किंवा जास्त गुण म्हणजे त्रास तीव्र, मग 'होईल हळूहळू' एवढ्यावर परत येऊ नका. रक्त दिसलं किंवा वजन उतरत राहिलं तर तपासणीची तारीख येण्याची वाट बघू नका. पोट फुगून उलट्या होत असतील आणि गॅसही सरत नसेल तर थेट इस्पितळ गाठा.

बसचा प्रवास जमेल. आदल्या रात्री हलकं खा, निघण्याच्या तीन तास आधी शेवटचं खाणं. लोपेरामाइडची गोळी त्या जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या. पॅड, एक जोडी कपडे, ओले वाइप्स आणि बंद होणारी पिशवी हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नाही. आणि गोळीचा पहिला प्रयोग त्या दिवशी नको. आधी घरीच, कुठे जायचं नसेल अशा दोन दिवशी करून बघा.