लेन्स उजवीकडे मंद, बिल कच्चं

इंदूरच्या राजेंद्रनगरातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. ते नोकरी करतात आणि सुटीच्या दिवशी सिरपूर तलावावर पक्षी टिपतात. होळीच्या आठवडाभर आधी त्यांनी शहरातल्या एका दुकानातून डीएसएलआरसाठी १००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स घेतली, कॅमेऱ्याच्या कंपनीची नव्हे, दुसऱ्या कंपनीची. किंमत ४६,५००. "पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वर" असं ऐकल्यावर त्यांनी 'एस्टिमेट' छापलेली चिठ्ठी घेतली. तीस हजार यूपीआयने दिले, उरलेले रोख. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, लेन्स वापरली. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले, तर प्रत्येकाची उजवी बाजू पुसट. मग ते दुकानात गेले. दुकानदाराचं उत्तर: "भिया, इस रेंज में लेन्स ऐसी ही आती है. और आप तो गेर में ले गए थे, गुलाल गया होगा." चिठ्ठीच्या तळाशी 'बिका हुआ माल वापस नहीं होगा' हेही आहेच. वाचकांनी चार प्रश्न विचारले आहेत. माल परत घ्यायला लावता येईल का? पक्कं बिल नसताना तक्रार चालेल का? लेन्स बनवणाऱ्या कंपनीलाही ओढावं का? आणि दुसऱ्या कंपनीची लेन्स लावल्यामुळे कॅमेऱ्याची वॉरंटी गेली, असं दुकानदार म्हणतो, ते खरं का?

कायदा तुमच्या बाजूला आहे. पुरावा मात्र अजून पुरता तुमच्या बाजूला नाही, म्हणून या उत्तरातली जास्त जागा मी पुराव्याला देणार आहे.

तळाच्या त्या ओळीपासून सुरुवात करू. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं त्या यादीत आहे. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, नसेल तर ३० दिवस. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीतली प्रथा. म्हणजे तुमच्या चिठ्ठीनं एकाच कागदावर दोन गोष्टी कबूल केल्या आहेत. पत्र लिहिलंत तेव्हा चोविसावा दिवस होता. हे छापून येईपर्यंत तीस उलटतील, म्हणून नोटिशीचं तुम्हाला आधीच कळवलं आहे. इथे बाकीच्यांसाठी लिहितो. तोंडी भांडण मोजलं जात नाही. "माल सदोष आहे, परत घ्या" हे तीस दिवसांच्या आत लेखी गेलं पाहिजे, स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सअॅपवरही. ज्यांचे तीस दिवस उलटले असतील त्यांनी हातपाय गाळू नयेत. दोषाबद्दलची मूळ तक्रार दोन वर्षांपर्यंत करता येते, फक्त हा एक सोपा मुद्दा हातचा जातो.

आता बिलाचं. जीएसटी वाचवायला तुम्ही चिठ्ठीवर राजी झालात, हे मला आवडलेलं नाही आणि ग्राहक आयोगालाही आवडणार नाही. ४६,५०० वर अठरा टक्के म्हणजे ८,३७० रुपये. त्यापायी आज ही पळापळ. पण बिल देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची असते, त्यामुळे तुमचा ग्राहक म्हणून हक्क बुडत नाही. प्रश्न आलाच तर खरं सांगा. खरी अडचण दुसरी आहे: चिठ्ठीवर लेन्सचा सिरियल नंबर नाही. उद्या दुकानदार म्हणेल, ही लेन्स आमच्याकडची नाहीच. तुम्ही जोडलेल्या स्क्रीनशॉटांत एक जागा मला फार कामाची वाटली. खरेदीच्या आदल्या दिवशी दुकानदारानं तुम्हाला खोक्याचा फोटो पाठवला होता. तो मोठा केल्यावर बारकोडखालचा आकडा वाचता येतो, आणि तो तुमच्या लेन्सवरच्या नंबराशी जुळतो. यूपीआयची नोंद आणि हा फोटो मिळून तुमचं बिल झालं, असं समजा. ती चॅट पुसू नका, फोन विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला दिवाणी कोर्टाइतका काटेकोर बांधलेला नसतो, तरी प्रमाणपत्र जोडाच. समोरच्या वकिलाला आक्षेप घ्यायला जागा कशाला ठेवायची?

गुलालाचा मुद्दा वरवर जोरदार आहे. अशी झूम लेन्स लांब केली की नळी बाहेर येते आणि आत हवा ओढली जाते, तिच्याबरोबर धूळही. गेरीत हे झालं असणारच. पण आत शिरलेल्या गुलालानं ठिपके पडतील, रिंग खरखरेल, फार तर सगळा फोटो धुरकट होईल. फक्त उजवी बाजू जाते ती आतला काचांचा एखादा गट वाकडा किंवा सरकलेला बसला असेल तर. फोटोवाले त्याला डीसेंटरिंग म्हणतात. आणि तुमच्याकडे याचं उत्तर आधीच आहे, तुम्हालाच ते दिसलेलं नाही. तुम्ही पाठवलेल्या अकरा फोटोंत एक राजवाड्याचा आहे, खरेदीनंतर तिसऱ्या दिवशी समोरून काढलेला. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी; तुम्ही लाकडी मजल्यावरच्या खिडक्यांची रांग घेतली आहे. डावीकडच्या खिडकीच्या चौकटीवरची नक्षी मोजता येते, उजवीकडच्या खिडकीला चौकट आहे की नाही हेही सांगता येत नाही. तेव्हा रंगपंचमी व्हायची होती. हा फोटो तुमच्या खटल्याचा कणा आहे. व्हॉट्सअॅपवर गेलेल्या प्रतीत तारखेची माहिती उरत नाही, म्हणून मूळ फाइल मेमरी कार्डातच राहू द्या, कार्ड पाकिटात घालून बाजूला ठेवा आणि नवं कार्ड वापरायला घ्या. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे ना, तेवढं बघा. माझ्या एका अशिलाचा कॅमेरा वर्षभर मागे होता. त्याच्या फायली लेन्स विकत घेण्याआधीच्या निघाल्या आणि सुनावणीत हसं झालं.

सिरपूरचे फोटो पुरावा म्हणून देऊ नका. उजवीकडची लव्हाळी पुसट आहेत हे खरं, पण ती पक्ष्यापेक्षा मागे आहेत, फोकसबाहेर असणारच. एका कमकुवत फोटोनं दहा चांगल्या फोटोंवर शंका येते.

तुमची घरची चाचणी स्वतःचं समाधान करायला ठीक होती, आयोगासाठी नव्हती. हातात कॅमेरा धरून गच्चीवरून काढलेले फोटो कोणी मानणार नाही. नव्यानं करा. विटांची सपाट भिंत, ट्रायपॉड, कॅमेरा भिंतीला समांतर, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद, फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये. आधी पूर्ण उघडं अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र), मग ते लहान करून एफ ८. त्यानंतर कॅमेरा लेन्ससकट उलटा करून तोच फोटो पुन्हा. कॅमेरा तिरका लागला असेल तर पुसटपणा भिंतीच्या त्याच विटांवर राहील. दोष लेन्सचा असेल तर उलट्या कॅमेऱ्यातही फोटोची उजवीच बाजू जाईल. मग त्याच कॅमेऱ्यावर तुमची जुनी लेन्स लावून फोटो काढा, म्हणजे कॅमेऱ्याचा दोष नाही हे ठरेल, आणि मित्राच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स लावून काढा. तो मित्र पुढे शपथपत्र देईल असा निवडा. फोकस पुढे-मागे पडण्याची तक्रार यात आणू नका. ती बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या मेनूतून किंवा लेन्स संगणकाला जोडणाऱ्या यूएसबी डॉकनं सुधारते, आणि मग समोरचा म्हणेल, यांना सेटिंगच येत नाही. पेचकस घेऊन लेन्स उघडणं तर अजिबात नको.

"इस रेंज में ऐसी ही आती है" याला उत्तर असं. स्वस्त झूमचे चारही कोपरे ४०० मिलिमीटरला थोडे मऊ, म्हणजे पुसट, येतात, ती किमतीची मर्यादा. एकच बाजू जाते तो दोष. कायद्यातल्या दोषाच्या व्याख्येत विक्रेत्यानं जो दर्जा सांगितला त्यात उणीव असणंही येतं, आणि चॅटमध्ये "एक नंबर शार्प है" हे त्याचंच वाक्य आहे. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर कलम ३८ खाली आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याचं शुल्क तक्रारदार भरतो आणि निकालाची मुदत तीनऐवजी पाच महिने होते. (कायद्यातले महिने आणि तारखांचे महिने वेगळे असतात, हे मी तीस वर्षांचा वकील म्हणून सांगतो.) इंदुरात लेझरवर काम करणारं राजा रामण्णा केंद्र आहे, म्हणून तिथे पाठवा असा अर्ज मात्र करू नका. त्यापेक्षा कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी तपासणी अहवाल घ्या, पैसे लागले तरी घ्या.

पैसे लागण्याची शक्यता आहे, कारण तुमच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नाही. आयात केलेल्या पॅकबंद मालावर तो आणि एमआरपी छापणं २०११ च्या वैधमापन नियमांनी बंधनकारक आहे. तुमची लेन्स बहुधा अधिकृत वाटेनं भारतात आलेली नाही. म्हणूनच कंपनीला ओढू नका, ती म्हणेल हा माल आम्ही इथे विकलाच नाही, आणि तारखा तिच्यातच जातील. तक्रार दुकानदारावर. 'प्रॉडक्ट लायबिलिटी' (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी) हा शब्द तुम्ही कुठेतरी वाचलेला दिसतो, तो इथे लागत नाही. वस्तूच्या स्वतःच्या नुकसानाला ती तरतूद वगळते.

कॅमेऱ्याच्या वॉरंटीबद्दल तुम्ही ज्या कायद्याचा हवाला दिलात तो १९७५ चा अमेरिकेतला आहे, एमजी रोडवर त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे वॉरंटी कार्डावरचा मजकूर वाचायचा. दुसऱ्या कंपनीच्या वस्तूमुळे झालेलं नुकसान झाकलं जाणार नाही, असं बहुतेक कार्डांवर असतं. त्याचा अर्थ वॉरंटी रद्द असा होत नाही. कॅमेरा बिघडलेला नाही, तेव्हा हा विषय आज बाजूला ठेवा.

एक गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरती लिहिलीत, ती मला वर हवी होती: या लेन्सनं दोन मुंजींचे फोटो काढून मानधन घेतलंत. समोरचा वकील 'व्यावसायिक हेतू' म्हणून तक्रारच फेटाळायला सांगेल. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्यात सूट आहे, पण तुमचं पोट नोकरीवर आहे, त्या सुटीच्या आड लपू नका. सरळ सांगा: लेन्स छंदासाठी, मुंजी नात्यातल्या. खरेदीचा मुख्य हेतू पाहायचा हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये लीलावती ट्रस्टच्या प्रकरणात सांगितलं आहे, आणि व्यावसायिक हेतू सिद्ध करण्याचं ओझं विरुद्ध पक्षावर असल्याचं २०२४ च्या श्रीराम चिट्समध्ये.

आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करा, कधी कधी तेवढ्यानं दुकानदार फोन करतो. नाही केला तर इंदूरच्या जिल्हा आयोगात तक्रार, प्रत्यक्ष किंवा ई-जागृती या सरकारी पोर्टलवर. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. परिवाद, म्हणजे तक्रारअर्ज, हिंदीत लिहा, नोटीसही. दुकानदाराला घरी कोणी वाचून दाखवावी लागू नये. लेन्स बदलून किंवा ४६,५०० व्याजासह परत, आणि खर्चाची माफक रक्कम मागा. मानसिक त्रासाचे पाच लाख मागू नका.

नोटीस गेल्यावर दुकानदार बहुधा म्हणेल, "रख जाओ, देख लेते हैं." ठेवा, पण सिरियल नंबर, तारीख आणि 'उजवी बाजू अस्पष्ट' हे तीन शब्द लिहिलेली, सही-शिक्क्याची पावती हातात पडल्याशिवाय लेन्स काउंटरवरून सोडू नका.