ईईजी नॉर्मल आला, मग व्हायवात बोलती का बंद होते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, घशाला कोरड पडते, समोरचे आपल्याला मनातल्या मनात हसतायत याची खात्रीच वाटते. ईईजी नॉर्मल आला, तर आता ‘ब्रेन मॅपिंग’ला पैसे भरावेत का?

भरू नका. साधा ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद; तो मुख्यतः फिट्सचे झटके शोधायला काढतात. सोशल अँग्झायटीत, म्हणजे लोकांसमोर वाटणाऱ्या तीव्र भीतीत, मेंदूचे जे फरक सापडलेत ते गटांच्या सरासरीतले, एकट्यादुकट्याच्या स्कॅनवरून निदान होत नाही. निदान मुलाखतीतून होतं: भीती साधारण 6 महिन्यांहून जास्त टिकली आहे का, आणि तिच्यामुळे काय काय टाळलं जातंय.

फरक मात्र खरे आहेत. रागीट किंवा तुच्छतेचा चेहरा दिसला की अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोका हेरणारा भाग, सरासरीने जास्त पेटतो. चूक झाल्यावर 100 मिलिसेकंदांच्या आत ईईजीत एक लहर उमटते. ती अनेक चुकांची सरासरी काढल्यावरच दिसते, आणि कुणी बघत असेल तर सोशल अँग्झायटी असलेल्या लोकांत ती बरेचदा मोठी असते. हे थांबवणं तुमच्या हातात नाही, त्याच्याशी झगडूही नका.

गडबड पुढे आहे. मेंदूचा इन्सुला नावाचा भाग शरीराच्या आतल्या खबरा घेतो: धडधड, तोंडावर चढलेली गरमी. लक्ष तिकडे वळलं की त्या खबरांवरूनच आपण स्वतःचं चित्र रंगवतो, ‘मला इतकं थरथरल्यासारखं वाटतंय म्हणजे सगळ्यांना तेवढंच दिसतंय’. सरांनी घड्याळ पाहिलं तर ते कंटाळले. पुढची बॅच बाहेर उभी आहे हे सुचतच नाही. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये मांडलेलं मॉडेल हेच सांगतं: लक्ष आत वळल्यामुळे भीती खोटी ठरवणारा पुरावा नजरेलाच पडत नाही. मला विचाराल तर हात घालायची जागा हीच.

नागपूरच्या बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जा. कपड्याच्या दुकानात दोन शर्टांचे भाव विचारा आणि न घेता निघा. आधी कागदावर अंदाज लिहा: ‘दुकानदार चिडून बोलेल, 80 टक्के’. ‘त्याला मी मूर्ख वाटेन’ असं लिहू नका, ते तपासता येत नाही. एका दुकानात नेहमीच्या पद्धतीने वागा: वाक्य मनात घोकून, मोबाइल हातात धरून. दुसऱ्यात मोबाइल खिशात, घोकणं बंद, लक्ष त्याच्या चेहऱ्यावर आणि शब्दांवर. बाहेर येऊन लगेच फक्त पाहिलं-ऐकलं तेवढं लिहा. मग वही बंद. रात्री अंथरुणात पुन्हा पंचनामा नको, कारण त्यात आठवणी वाईटाकडेच झुकतात.

हे फसतं ते बहुधा एकाच कारणाने: बोलता बोलता श्वास मोजणं. शांत होण्यासाठी केलेली ही युक्ती लक्ष परत आतच ओढते, आणि काही बिघडलं नाही तर श्रेय श्वासाला जातं. दुसरं, पहिल्याच दिवशी सेमिनार घ्यायला जाऊ नका.

व्हायवासाठी मित्राला समोर बसवून 3 मिनिटांचा व्हिडिओ काढा. बघण्याआधी लिहा, थरथर 0 ते 100 पैकी किती दिसेल. मग परक्या माणसाचा असल्यासारखा बघा. त्या वेळी कसं वाटत होतं हे आठवत बघितलात तर पडद्यावरही तेच दिसेल, आणि व्हिडिओ वाया जाईल.

कॉलेज बुडू लागलं असेल तर नागपूरच्या मेडिकलची (सरकारी मेडिकल कॉलेजची) मानसोपचार ओपीडी किंवा मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय गाठा. फोनवर बोलायचं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, मोफत आहे. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅमसारख्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, मधेच बंद करू नका. आणि मित्राने दिलेली प्रोप्रॅनोलॉल ही धडधड कमी करणारी गोळी व्हायवाच्या सकाळी घेऊ नका. दमा असेल तर ती धोक्याची आहे.