मंदीत गरिबी घटते, ती कशी?

प्रश्न : २००८ नंतरच्या मंदीत आयर्लंडची अर्थव्यवस्था कोसळली आणि असंख्य लोकांचे रोजगार गेले. तरीही त्याच सुमारास तेथील गरिबांचे प्रमाण घटल्याचे वाचले. हे आकडे खरे मानावेत काय?

उत्तर : आकडे खरे आहेत. तेथील अधिकृत पाहणीनुसार २००७ मध्ये १६.५ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते आणि २००९ मध्ये १४.१ टक्के. घोटाळा होतो तो रेषेमुळे. युरोपीय देशांत ही रेषा मध्यक उत्पन्नाच्या, म्हणजे सर्वांना उत्पन्नाच्या क्रमाने उभे केले असता बरोबर मधोमध येणाऱ्या व्यक्तीच्या उत्पन्नाच्या, ६० टक्क्यांवर आखतात. समजा, हे उत्पन्न आठवड्याला ४०० युरो आहे. मग रेषा २४० युरोंवर येते आणि २३० युरो निवृत्तिवेतनावर राहणारी एकटी वृद्धा गरीब ठरते. मंदीत इतरांचे पगार कापले जाऊन मध्यक ३७० वर आले, की रेषा २२२ वर उतरते. वृद्धेच्या हाती एक युरोही अधिक पडलेला नसतो, पण तिचे नाव गरिबांच्या गणतीतून गळते.

म्हणूनच मंदीच्या अभ्यासात रेषा मंदीपूर्वीच्या एखाद्या वर्षात स्थिर धरून, तिच्यात केवळ महागाईपुरती वाढ करून, पुन्हा मोजणी करण्याची पद्धत आहे. ती न करता नुसता सापेक्ष आकडा पुढे ठेवणे ही वाचकाची दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयर्लंडच्या पाहणीत याहून बोलका असा दुसरा भागही आहे. पायांत घालायला मजबूत बुटांचे दोन जोड आहेत का, पावसाथंडीला पुरेल असा कोट आहे का, घर पुरेसे उबदार ठेवणे परवडते का, वर्षातून एकदा घरच्यांना भेटवस्तू देता येते का, अशा ११ गोष्टी लोकांना विचारल्या जातात आणि ऐपतीअभावी त्यांतल्या दोन किंवा अधिक गोष्टींना मुकणारा माणूस वंचित मानला जातो. अशांचे प्रमाण २००७ मधील ११.८ टक्क्यांवरून २००९ मध्ये १७.१ आणि २०१० मध्ये २२.६ टक्क्यांवर गेले. कागदावर गरिबी घटत होती, त्याच काळात घरे थंड पडत होती.

हा भार सर्वांवर सारखा पडला नाही, हेही नोंदवायला हवे. सरकारने पुढे खर्चाला कात्री लावली तेव्हा वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा मूळ दर कायम ठेवला. काम करण्याच्या वयातील लोकांचे भत्ते मात्र कमी केले आणि तरुण बेरोजगारांचे त्याहून अधिक. वृद्धांना जपणे योग्यच होते. पण नुकतीच कमाईची उमेद धरणाऱ्या मुलामुलींवर सर्वांत मोठी कपात लादणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : मंदीतील सरकारी मदतीने गरिबी खरोखर हटते, की ती केवळ काही काळ झाकली जाते?

उत्तर : मदत चालू असेपर्यंत ती खरोखर हटते. अमेरिकेत गरिबी दोन प्रकारे मोजतात. अधिकृत मोजणीत करापूर्वीचे रोख उत्पन्नच धरले जाते. पूरक मोजणीत करसवलती आणि अन्नसाहाय्यही मिळवतात. २०२० मध्ये, महासाथीने कामधंदे बंद पाडले असताना, पहिल्या मोजणीत गरिबी वाढली आणि दुसऱ्या मोजणीत ती घटली, कारण सरकारने घरोघरी पाठवलेली मदत दुसरीतच दिसते. २०२१ मध्ये मुलांसाठीची करसवलत वाढवून तिचा काही भाग दरमहा आगाऊ दिला गेला. पूरक मोजणीनुसार बालदारिद्र्य त्या वर्षी ५.२ टक्क्यांवर आले.

वाढीव सवलतीची मुदत त्या वर्षाअखेर संपली आणि ती पुढे चालू ठेवली गेली नाही. २०२२ मध्ये हेच प्रमाण १२.४ टक्के झाले. त्या वर्षी रोजगाराची स्थिती चांगली होती, त्यामुळे या वाढीचा दोष मंदीवर टाकता येत नाही. मदत काढून घेण्याचा निर्णय माणसांनी घेतलेला होता.