चार पुतळ्यांची चार नावं

प्रिय पोरी,

तुझी यादी मिळाली. सतरा नावं, प्रत्येक नावापुढे जन्मसाल आणि खाली ठळक अक्षरांत 'हे सगळे आमच्या सोलापूरचे'. वसतिगृहात कुणीतरी 'सोलापुरात चादरी सोडून आहे काय?' म्हणालं आणि तुला ऐन वेळी बोलता आलं नाही, हे वाचून मलाही लागलं. गिरणीच्या गावातून शिकायला बाहेर पडलेल्यांना हे कधी ना कधी ऐकून घ्यावंच लागतं. तरी ही यादी एवढ्यात कुणाला दाखवू नकोस. यातल्या किती जणांबद्दल तुला कागद न बघता पाच मिनिटं बोलता येईल, ते आधी स्वतःशी तपासून बघ.

मी असं का म्हणतोय ते सांगतो. गावातल्या एका चौकाला आपण सगळे 'चार पुतळा' म्हणतो. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की पुरतं. त्या चौकातून मी लहानपणापासून ये-जा केली. पुढे शिक्षक झालो, आणि सातवीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, चौघांची नावं काय?" मला तीनच सांगता आली. त्या दिवशीची शरम अजून गेलेली नाही. तेव्हा ती चार नावं आधी लिहून घे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिलं.

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि गाव पेटून उठलं. गोळीबार झाला, माणसं मेली, पोलीस चौकी आणि कोर्ट जळालं, काही दिवस इंग्रजांचं इथे काही चालेना. मग मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला. त्या धामधुमीतल्या पोलिसांच्या खुनाचा खटला या चौघांवर चालला. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवत आणि गिरणी कामगारांत काम करत. वयानं ते तुझ्यापेक्षा फार मोठे नव्हते. चारही आडनावं एकदा सावकाश वाच. चार समाजांची आहेत. घरात कानडी, उर्दू, मराठी, मारवाडी बोलणारी माणसं भोंग्याच्या आवाजावर उठणाऱ्या एका गावात एकत्र आली होती. या चौघांची गोष्ट सांगताना गिरण्या वगळल्यास, तर ती अर्धीच राहील.

वालचंद हिराचंद यांच्यापुढे तू 'उद्योगपती' एवढंच लिहिलंयस. जन्म १८८२, सोलापूर. सुरुवात रेल्वेच्या कंत्राटापासून, बार्शी लाइट रेल्वेच्या कामातून. जोडीला फाटक आडनावाचा, आधी रेल्वेत कारकुनी केलेला भागीदार. समुद्र कुठे नि आपलं कोरडं गाव कुठे! पण ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून इंग्लंडला निघालेलं 'लॉयल्टी' हे जहाज त्यांच्या सिंदिया कंपनीचं होतं, आणि आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन आहे. १९४० मध्ये बंगळुरूला विमानाचा कारखाना, पुढे विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी. 'उद्योगपती' या एका शब्दात यातलं काय आलं?

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर तू चार ओळी लिहिल्यास, बरं केलंस. पण त्या 'थोर मानवतावादी' वगैरे शब्दांनीच भरल्या आहेत. त्याऐवजी हे सांग, की १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले, त्यांतले हे एक, वय २८ च्या आतबाहेर. बाकीचे परतले, हे तिथेच राहिले. चिनी भाषा शिकले. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, चीनमध्येच सेवा केलेल्या कॅनडाच्या डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मुलगा काही महिन्यांचा असतानाच, ९ डिसेंबर १९४२ ला, ते गेले. बत्तीस वर्षांचं आयुष्य. नुसतं मुलाचं नाव सांगितलंस तरी समोरचा ऐकत बसेल.

हे दोघेही काम करायला गावाबाहेर गेले, हे मात्र लपवू नकोस. जन्म आपल्याकडचा, कर्तृत्व दूरचं. आपण त्यांना काय दिलं आणि त्यांनी काय स्वतः मिळवलं, हे वेगवेगळं मांडता आलं पाहिजे. नाहीतर जन्मदाखल्यावर हक्क सांगितल्यासारखं होतं.

आता जे खटकलं ते. सतरा नावांत एकही बाई नाही. आपल्या पूर्व भागात दुपारी गल्लीतून चालत गेलीस तर दारोदारी बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या दिसतील. विडीचं भिजवलेलं पान कात्रीनं मापात कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांनी गुंडाळी, तोंड मुडपायचं, दोरा. हिशोब हजार विड्यांचा. या बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिल्या, म्हणून गावाजवळच्या कुंभारीच्या माळावर त्यांची दहा हजार घरं उभी राहिली. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची ती वसाहत तू पाहिली आहेस, तुझी मावशी तिथेच राहते. त्यातल्या कुणाचंही नाव चौकाला दिलेलं नाही, यादीत घालायला जन्मसालही सापडणार नाही. तुझ्या आजीनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. तिला कधी विचारलंस का, पहिला मोर्चा कुठून निघाला होता? बोलताना तिच्या आठवणी तेलुगूत निघतील. तशाच रेकॉर्ड कर, लगेच मराठी करायला जाऊ नकोस.

सतरातली सहा नावं मला नीट ठाऊक नाहीत, त्यांच्यापुढे पेन्सिलीनं खूण केली आहे. तिथे दोन-दोन ओळी तू शोधून लिही. सापडलं नाही तर नाव खोड.

दिवाळीच्या सुट्टीत आलीस की भैय्या चौकात कोटणीसांच्या घरी जाऊ. स्मारक आहे तिथे, शांतपणे बघता येतं. परतताना चार पुतळ्यापाशी थांबू. चौघांची नावं तू सांग, मी ऐकतो.

तुझे,
सर