स्पॅनिशमधला ‘से’ नेहमीच ‘स्वतःला’ नव्हे

स्पॅनिश शिकणाऱ्या एका वाचकांची पृच्छा आहे की, ‘से मे कायो एल बासो’ म्हणजे ‘माझ्या हातून पेला पडला’, तर या वाक्यात ‘स्वतःला’ या अर्थाचा ‘से’ कशासाठी येतो? पेला काही स्वतःला पाडत नाही.

शंका रास्त आहे, पण ‘से’ला ‘स्वतःला’ हा एकच अर्थ चिकटवल्यामुळे ती उद्भवते. ‘रोम्पेर’ म्हणजे फोडणे आणि ‘रोम्पेर्से’ म्हणजे फुटणे. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे अशा जोड्यांत मराठी जे काम धातूचे रूप बदलून करते, तेच स्पॅनिश येथे ‘से’ लावून करते. ‘काएर’ म्हणजे पडणे हा धातू मात्र मुळातच अकर्मक असल्याने तेथे ‘से’मुळे पडणे अकस्मात, नकळत घडल्याची छटा येते, आणि ‘मे’ (‘मला’) हे चतुर्थीचे रूप त्याची झळ कोणाला लागली ते सांगते. आपल्या ‘हातून’ या शब्दातही हेतूचा असाच अभाव आहे, म्हणून हे भाषांतर मला अगदी चपखल वाटते.

स्पॅनिश जिच्यातून आली त्या लॅटिनमधील ‘र’कारान्त कर्मणी रूपे बोलभाषेतून लोपली, तेव्हा त्यांचे बरेचसे काम ‘से’कडे आले. घरावरच्या पाटीवर स्पॅनिशमध्ये ‘से बेन्दे’ लिहितात, आपण ‘विकणे आहे’ लिहितो. विकणारा दोन्हीकडे अनुक्त राहतो.

हा ‘से’ आणि संस्कृतातील ‘स्व’ एकाच मुळाचे आहेत. त्याचे कार्य समजण्यासाठी मात्र आत्मनेपद, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या प्रत्ययांचा एक संच, आठवावे. क्रियेचे फळ कर्त्यालाच मिळणार असेल तर काही धातूंना आत्मनेपद लावावे, असे पाणिनी सांगतो (अष्टाध्यायी १.३.७२): दुसऱ्यासाठी यज्ञ करणारा ऋत्विज ‘यजति’, स्वतःसाठी करणारा ‘यजते’, आणि या ‘यजते’च्याच कुळातला शब्द आपण घरोघरी वापरतो, तो म्हणजे यजमान. ‘मे लाबो लास मानोस’, म्हणजे ‘मी हात धुतो’, यातील ‘मे’ याच जातीचा आहे. हात कोणाचे ते त्यातूनच कळते, म्हणून स्पॅनिशमध्ये ‘माझे’ म्हणावे लागत नाही. मराठीत तर नुसते ‘हात धुतो’ म्हटले तरी पुरते.

‘से लो दी’, म्हणजे ‘मी ते त्याला दिले’, यातील ‘से’ मात्र या कुळातला नाही. तो ‘त्याला’ या अर्थाच्या लॅटिन ‘इल्ली’पासून, जुन्या स्पॅनिशमधील ‘गे लो’मार्गे (यातील ‘गे’चा उच्चार ‘झे’सारखा) आला असून केवळ उच्चारसाम्यामुळे ‘से’ झाला आहे.