एकाच लॅपटॉपवर दोन जँगो

प्रश्न : शाळेच्या ग्रंथालयासाठी मी जँगो ३.२ वर (पायथॉन भाषेत वेबसाइट बनवायचा तयार सांगाडा) साइट केली होती. नव्या कामासाठी पिपने (पायथॉनची पॅकेजेस बसवणारं साधन) जँगो ५.२ टाकलं आणि जुनी साइट ‘यूआरएल इम्पोर्ट होत नाही’ म्हणत बंद पडली. आता नवा लॅपटॉप घ्यावा लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नको! संगणकाच्या मुख्य पायथॉनमध्ये जँगोची एकच आवृत्ती राहते, ५.२ आली तेव्हा ३.२ पुसली गेली. आणि तुमची जुनी साइट वापरते ते ‘यूआरएल’ फंक्शन ४.० पासून काढून टाकलंय.

प्रत्येक कामाच्या फोल्डरात ‘पायथॉन -एम व्हेन्व्ह एन्व्ह’ ही आज्ञा चालवा. त्याने ‘एन्व्ह’ नावाचं, फक्त त्या कामापुरतं वेगळं पायथॉन-घर तयार होतं. ते एन्व्ह चालू करूनच पिप वापरा. एकात ३.२, दुसऱ्यात ५.२, दोघांची गाठच पडत नाही. माझ्याकडे आज अशी सहा कामं सुखाने नांदताहेत.

पायथॉनची आवृत्ती मात्र नीट बघा. जँगो ३.२ ला पायथॉन ३.६ ते ३.१० चालतो, जँगो ५.२ ला किमान पायथॉन ३.१० लागतो. म्हणजे पायथॉन ३.१० दोघांनाही चालेल. माझी एक अख्खी रात्र पायथॉन ३.१२ वर जुनं काम चालवण्यात गेली, कारण जँगो ३.२ ला लागणारं ‘डिस्टयूटिल्स’ हे मॉड्यूल त्यातून काढलंय हे मला ठाऊक नव्हतं.

‘पिप फ्रीझ’ची यादी (कोणती पॅकेजेस, कोणत्या आवृत्तीची) फाइलमध्ये आजच साठवा. आणखी एक, कळकळीने सांगतो : जँगो ३.२ ची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०२४ मध्ये थांबली. साइटवर मुलांची नावं असतील, तर ती साइट इंटरनेटवर उघडी ठेवू नका. सुट्टीत आधी ४.२ वर न्या, मग ५.२ वर.