‘भीडस्तपणाने’ साक्ष द्यायची म्हणजे कशी?

मालवणच्या एका वाचकाने विचारले आहे: पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आपल्या आशेविषयी विचारपूस करणाऱ्याला ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ उत्तर द्या, असे मराठी बायबल सांगते. भिडस्त म्हणजे तर बुजरा. बुजऱ्याने साक्ष द्यायची, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्याला सांगायचा, तरी कसा? आणि खरे रूप कोणते, भीडस्त, भिडस्त की भिडस्थ?

‘बुजरा’ हा अर्थ आज वर आला आहे, पण तो शब्दाचा एक काठ झाला. मूळ शब्द ‘भीड’. ज्याला आपण मानतो त्याच्यासमोर जो संकोच वाटतो, ती भीड. बाजारात धक्का मारून पुढे गेलेल्या अनोळखी माणसाची कोणाला भीड वाटत नाही. मामांची वाटते, शेजारच्या काकूंची वाटते, गुरुजींची तर निवृत्तीनंतरही वाटते. ‘भीड मोडवेना म्हणून गेलो’ म्हणतो तेव्हा मध्ये एक नाते असते. उलट ‘भीडभाड न ठेवता’ बोलणारा धीट असतो, पण समोरच्याची पत्रास ठेवत नाही. लाजाळूपणात अशी दुसऱ्या माणसाची गरज नसते, तो एकट्यालाही असतो.

आता मूळ ग्रीककडे. सौम्यतेसाठी तिथे ‘प्राउतेस’ आहे. येशू स्वतःला ‘मनाचा सौम्य व लीन’ म्हणवतो (मत्तय ११:२९) तिथला शब्द याच कुळातला. दुसरा शब्द ‘फोबोस’, म्हणजे सरळ भय. गंमत अशी की त्याच्या आदल्याच वचनात, छळणाऱ्यांच्या भयाने भिऊ नका, असे सांगताना पेत्राने हाच ‘फोबोस’ वापरला आहे. मग लगेच ‘भीतीने उत्तर द्या’ असे मराठीत लिहिले असते तर वाचक चक्रावला असता. हे भय देवाचे की माणसाचा मान राखण्याचे, यावर टीकाकारांत दोन मते आहेत. ‘भीड’ने दोन्हींना जागा ठेवली, आणि घाबरटपणा तेवढा गाळला. आज कोणी नव्याने लिहायला बसला तर ‘आदराने’ लिहील. चूक नाही, पण आदर लांबूनही करता येतो. मला जुना शब्दच सरस वाटतो.

मात्र याच शब्दाची दुसरी बाजू विसरू नये. भीड बाळगणे वेगळे आणि भीड घालणे वेगळे. समजा, बोटीवरच्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, खलाशाला सांगितले, ‘रविवारी आमच्या प्रार्थनेला ये.’ खलाशाची मजुरी, पुढच्या हंगामातले काम, सगळे तांडेलाच्या हातात. तो येईल, पण भिडेखातर येईल. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण खलाशाला लागू. साक्ष देणाऱ्याने ती पाळी त्याच्यावर आणायची नसते. पेत्राचे वाक्यही नीट वाचा: आधी विचारपूस, मग उत्तर. विचारणाऱ्याला ‘नको’ म्हणायची मोकळीक असली तरच ती विचारपूस.

कोकणातलेच उदाहरण हवे तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे घ्या. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, बाप्तिस्मा १८९५ चा. ख्रिस्ताविषयी त्यांनी लिहिले ते अभंगांत, ऐकणाऱ्याच्या कानाला सवयीच्या चालीत. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. खुद्द ख्रिस्ती मंडळीतही हे सगळ्यांना रुचले नव्हते. टिळक बुजरे होते असे त्यांना ओळखणारा कोणीही म्हणाला नसता (त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र वाचलेल्यांना तर हसूच येईल). तरी पेत्राच्या अर्थाने हा भिडस्तपणाच.

राहिले ऱ्हस्व-दीर्घ. ‘भीड’ दीर्घ, पण ‘भिडेला’, ‘भिडेखातर’ ऱ्हस्व. त्याच वळणाने आज ‘भिडस्त’ लिहावे. बायबलात छापलेले ‘भीडस्त’ हे जुने लेखन आहे, उद्धृत करताना तसेच ठेवा. ‘भिडस्थ’ मात्र नको. तो ‘थ’ गृहस्थ, मध्यस्थ यांच्या संगतीने चिकटला आहे.